पहिलेच सत्र परदेशात: मुलीला पाठवावे का?

एडिसनकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझ्या मुलीला बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात प्रवेश मिळाला. अभिनंदनाचा मजकूर वाचून आनंद झाला आणि पुढच्याच परिच्छेदाशी आम्ही अडखळलो. सप्टेंबरमध्ये बॉस्टनला यायचे नाही. पहिले सत्र ‘एन.यू.इन’ या योजनेखाली परदेशात पूर्ण करायचे आणि जानेवारीत बॉस्टनच्या आवारात दाखल व्हायचे, असे त्यात होते. आम्ही अर्ज केला होता तो नेहमीच्या प्रवेशासाठी. या योजनेसाठी वेगळा अर्ज करताच येत नाही, विद्यापीठच काही विद्यार्थ्यांना त्यात घेते, हे नंतर समजले. दिलेल्या ठिकाणांपैकी मुलीने डब्लिन पक्के करून ठेवले आहे, आणि तिचा उत्साह पाहता आमच्या संमतीची वाट ती फार दिवस पाहील असे दिसत नाही.

आम्ही दोघेही पुण्यात घरचा डबा घेऊन कॉलेजला गेलेली माणसे. मुलगी घराबाहेर राहणार हे मनाशी धरले होते, पण न्यू जर्सीतील एडिसनहून बॉस्टन मोटारीने साडेचार-पाच तासांवर आहे, काही झालेच तर रात्रीत पोहोचू, या हिशेबाने. तिला जीवशास्त्र घ्यायचे आहे आणि जमल्यास पुढे वैद्यकीय शिक्षण. आमचे ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी एच-४ या माझ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, तिचा पासपोर्ट भारतीय. उत्तर १ मेपर्यंत कळवायचे आहे.

हा प्रवेश दुय्यम दर्जाचा समजावा का? आणि अठराव्या वर्षी, कॉलेज म्हणजे काय हे कळण्याआधीच, मुलीला असे पाठवणे कितपत शहाणपणाचे आहे? ज्यांची मुले अशा मार्गाने गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ओवी_बॉस्टन

नमस्कार. माझा मुलगा अशाच एका योजनेतून ग्रीसमधील थेसालोनिकीला जाऊन आला. त्याच्या विद्यापीठाचे नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कोणत्याही एका संस्थेविषयी नाही.

तुमच्यासारखीच माझीही सगळी काळजी ‘तिकडच्या’ चार महिन्यांची होती, आणि ते चार महिने सर्वांत सोपे गेले. एकाच विद्यापीठाची मुले एकाच वेळी एका अनोळखी गावात उतरतात, त्यामुळे कोणीच कोणाच्या आधी पोहोचलेले नसते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याची सात-आठ जणांची टोळी जमली होती आणि संध्याकाळी समुद्रकाठाने पांढऱ्या मनोऱ्यापर्यंत चालत जाणे हा त्यांचा नेम झाला होता. २६ ऑक्टोबरला तिथे संत दिमित्रिओसचा सण असतो आणि १९१२ साली शहर ऑटोमन सत्तेतून सुटले तो दिवसही तोच. लगेच २८ तारखेला राष्ट्रीय सुट्टी. त्या आठवड्यात त्याचा फोन आला तो केवळ मागे वाजणारा बँड आम्हाला ऐकवण्यासाठी.

फजिती झाली ती माझ्यामुळे. वरणभाताची सोय व्हावी म्हणून मी इथलाच विजेचा राइस कुकर त्याच्या बॅगेत घातला होता. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, तिकडे २३०ची. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात, म्हणून त्याने पिनेला अडॅप्टर लावून कुकरही तसाच जोडला. तांदूळ भिजलेलेच राहिले, कुकरच्या बुडातून धूर आला, मजल्यावरची वीज गेली आणि सगळी मुले जिन्यात उभी. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, हे इतकी वर्षे इथे राहून मला ठाऊक नसावे, याची घरात अजून थट्टा होते.

अवघड होता तो जानेवारी. बर्फात दोन बॅगा घेऊन तो डॉर्मच्या (वसतिगृहाच्या) खोलीवर गेला, तेव्हा खोलीत आधीपासून राहणाऱ्या मुलाची भिंतभर छायाचित्रे लागलेली होती आणि याच्या वाट्याला खिडकीलगतची उघडी गादी. मजल्यावरच्या मुलांचे गट चार महिन्यांत जुळून गेले होते, क्लबांच्या निवडी सप्टेंबरमध्येच उरकल्या होत्या. त्याला तारले ते थेसालोनिकीच्या टोळीने. ती सगळी मुले त्याच आवारात होती. तरीही फेब्रुवारी संपेपर्यंत त्याचे फोन नेहमीपेक्षा जास्त येत होते. म्हणून माझे सांगणे असे की, सप्टेंबरमध्ये पोहोचवायला जाण्याचा हट्ट सोडा (विद्यापीठाची माणसे तिथे असतात) आणि रजा जानेवारीसाठी राखून ठेवा.

लिफीकाठची

मी बारा वर्षे डब्लिनमध्ये आहे, त्यामुळे इथल्या गोष्टींपुरते लिहिते.

गाव लहान आहे, पायी हिंडण्याजोगे आहे, आणि भारतीय किराणा सहज मिळतो. न्यू जर्सीच्या घड्याळापेक्षा आम्ही पाच तास पुढे असतो. मात्र युरोपातील घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात आणि तुमची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणून मधला आठवडा हा फरक चार तासांचा होतो. डिसेंबरच्या मध्यावर इथे सूर्य दुपारी चारनंतर थोड्याच वेळात मावळतो. सप्टेंबरात रात्री आठपर्यंत उजेड पाहिलेल्या मुलांना त्याचा त्रास होतो, हे तिला आधी सांगून ठेवा. दिवाळी याच सत्रात येते. चकल्या पाठवा, पण पेढे किंवा खव्याची बर्फी पाठवू नका; युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

आता मुख्य मुद्दा, कागदपत्रे. अमेरिकी पासपोर्टवर येणाऱ्या तिच्या मैत्रिणींना आयर्लंडसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. सत्र बहुधा नव्वद दिवसांहून लांब असते. समजा ४ सप्टेंबर ते १४ डिसेंबर धरले, तर दोन्ही दिवस मिळून १०२ दिवस होतात. नव्वद दिवसांपलीकडे राहायचे तर इथे नोंदणी करावी लागते आणि तिचे शुल्क ३०० युरो आहे. ती मात्र अमेरिकी मुलांनाही चुकत नाही. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, त्यामुळे शनिवार-रविवारी पॅरिसला जाण्याचे बेत ठरले की तुमच्या मुलीला शेंगेनचा वेगळा व्हिसा लागेल. चारचौघींत आपण एकटीच मागे राहणे त्या वयात फार लागते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या पासपोर्टवरील एच-४ व्हिसाचा शिक्का कधीपर्यंत वैध आहे ते आजच पाहा. अमेरिकेत राहण्याची मुदत शिल्लक असणे वेगळे आणि परत आत येण्यासाठी शिक्का वैध असणे वेगळे. अमेरिकेत वर्षानुवर्षे राहणारी कुटुंबेही यात गफलत करतात. शिक्का संपलेला असेल तर परतीआधी अमेरिकी वकिलातीत नवा घ्यावा लागेल, आणि मुलाखतीची तारीख सत्राच्या वेळापत्रकाकडे पाहून मिळत नसते. शिवाय डब्लिन विमानतळावर अमेरिकेत प्रवेशाची तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते. कागदात खोट निघाली तर मुलगी अडकेल ती डब्लिनमध्ये, आणि तुम्ही असाल एडिसनला.

दुसरेवर्ष_बायो

काका, मी स्वतः एका वेगळ्या विद्यापीठात जानेवारीत दाखल झालेली विद्यार्थिनी आहे. ‘दुय्यम दर्जा’विषयी माझे मत थोडे रोखठोक आहे. पहिल्या सत्रानंतर काही मुले सोडून जातात, वरच्या वर्गांतील बरीच वसंत सत्रात परदेशी किंवा नोकरीच्या सत्रावर जातात आणि डॉर्ममधील खाटा रिकाम्या होतात. त्या भरणे हा विद्यापीठांचा व्यवहार आहे. प्रवेशाची जी आकडेवारी प्रसिद्ध होते तीही बहुधा सप्टेंबरमध्ये दाखल होणाऱ्यांवर बेतलेली असते, हेही त्यांच्या पथ्यावर पडते. पण पदवी तीच मिळते आणि तुम्ही कोणत्या महिन्यात आलात हे नंतर कोणी विचारत नाही.

मी विचारीन ते विषयांबद्दल. जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री आणि बायोलॉजी प्रयोगशाळेसह दोन सत्रांत मिळून शिकवतात. परदेशी ठिकाणी पहिला भाग प्रयोगशाळेसह मिळणार का, आणि जानेवारीत दुसरा भाग लगेच घेता येईल का, हे सल्लागाराकडून ईमेलवर लेखी घ्या. मला केमिस्ट्रीचा पहिला भाग उन्हाळ्यात घ्यावा लागला आणि त्या सुट्टीतील प्रयोगशाळेचे काम हातचे गेले. दुसरे म्हणजे, बरीच मेडिकल स्कूल्स विज्ञानाचे आवश्यक विषय अमेरिकेबाहेर केलेले असले तर कुरकुर करतात. त्यामुळे तिकडे इतिहास, लेखन, अर्थशास्त्र असे विषय उरकावेत आणि विज्ञान शक्य तितके बॉस्टनसाठी ठेवावे, असे मला वाटते. अर्थात मग पुढील सत्रे जड होतात, तेव्हा चारही वर्षांचा तक्ता आत्ताच मांडून पाहा.

एडिसनकर

सर्वांचे मनापासून आभार. लिफीकाठची ताई, तुमचे उत्तर वाचून कपाटातून पासपोर्ट काढला. शिक्का ३० नोव्हेंबरला संपतो, म्हणजे सत्र संपण्याच्या दोन आठवडे आधी. इतके दिवस आम्ही कोट किती जाड घ्यावा यावर चर्चा करत होतो.

काल वकिलांशी बोललो. मुलीने जूनमध्येच आजीला भेटायला पुण्याला जावे, त्याच फेरीत मुंबईच्या वकिलातीत एच-४चा नवा शिक्का घ्यावा, आणि तो हाती आल्यावरच डब्लिनचे तिकीट काढावे, असे ठरते आहे. आयर्लंडच्या व्हिसाचा अर्ज कुठून करायचा ते त्यांनी तपासून सांगायचे आहे. एकविसाव्या वर्षाआधी एच-४ सोडून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागेल, तर ते आत्ताच का करू नये, असेही विचारले. ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असताना एफ-१ची मुलाखत कशी जाईल याची खात्री नसल्याने तूर्त त्यांनी नको म्हटले आहे.

केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेबद्दल मुलीने स्वतः सल्लागाराला लिहिले आहे. उत्तर आले की इथे कळवीन. ओवीताई, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याची रजा मी आजच टाकली. कुकर डब्लिनमध्येच घेऊ.

लिफीकाठची

कुकर घेऊ नका, माझ्याकडे एक जास्तीचा आहे. ती आली की घेऊन जाऊ दे.