खोल्यात आलेलं पापलेट मेलेलंच असतं, मग 135 मिलिमीटर मोजायचे कुठे?

मढचा_डोलकर

नमस्कार मंडळी. मी मढचा. घरची एक डोलीची बोट आहे. डोल म्हणजे प्रवाहात खुंटांना बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं. बापूस तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मी आणि तीन खलाशी. पापलेट 135 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरायचं नाही असा कायदा आहे. येत्या रविवारी आमच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत एक ठराव येतोय. खोल्याची, म्हणजे डोलीच्या शेवटच्या पिशवीची, आस (जाळ्याचं भोक) मोठी करायची, आणि सरकारची बंदी 1 जूनला लागते ती आपण स्वतःहून 15 मेपासून पाळायची, ती थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. मला हात वर करायचाय आणि अजून मन ठरत नाही, म्हणून विचारतोय.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. पाणी फिरायच्या वेळेला डोल ओढली, खोल्याची गाठ सोडली. जवळा होता, मांदेली होती आणि मधे मधे पापलेटची पिल्लं. एका तळहातावर चार मावतील एवढी. पापलेटचे खवले किती नाजूक असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या हाताला नुसता चंदेरी वर्ख लागला, पिल्लं करडी पडली. एकही जिवंत नव्हतं. प्रवाहाच्या जोराने खोल्यात दाबून मेलेली. परत दर्यात टाकली असती तरी सीगलनेच खाल्ली असती.

घरी आणून मुलीच्या कंपासमधली पट्टी घेतली. तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजलं. 9 सेंटिमीटर, 10, 11. एकच निघालं बरोबर साडेतेरा, म्हणजे कायद्यात बसणारं. ते काट्यावर ठेवलं तर शंभर ग्रॅमसुद्धा भरलं नाही. बाकीची पाटी फिशमीलच्या (माशांच्या भुकटीच्या) ढिगात गेली, दोनशे रुपये आले. त्यातलं एकेक पापलेट अर्धा किलोचं झालं असतं तर एकाचेच पाचशे आले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण आस मोठी केली की जवळा निसटतो. आणि जवळा हा आमचा मे महिना आहे. तुम्ही काय कराल?

ट्रॉलर_ससून

भावा, तुझी तळमळ कळते. पण 15 मेचा ठराव करताना आमचाही विचार करा. आमची फेरी दहा-बारा दिवसांची. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांची उचल, सगळं आधी घालावं लागतं. मेच्या शेवटच्या दोन फेऱ्यांवर बोट किनाऱ्यावर ओढायचा, लाकूडकामाचा आणि रंगाचा खर्च निघतो. त्या गेल्या तर पावसाळ्यात व्याजाने पैसे काढावे लागतील.

दुसरं, राज्याचा कायदा 12 सागरी मैलांपर्यंत. तुम्ही मढवाल्यांनी बंद केलं, पण शेजारच्या बंदराने केलं नाही तर ती पिल्लं त्यांच्या जाळ्यात जाणार. करायचं तर राज्याच्या उत्तर टोकाच्या झाईपासून खाली सगळ्यांनी एकाच दिवशी करायचं. एकट्या गावाने उपास धरून काही होत नाही.

दादरची_मावशी

बाळा, मी तीस वर्षं टोपली घेऊन बसते. तुझं खरं आहे, पण दोन गोष्टी ऐक.

पहिली, गिऱ्हाईकच छोटं पापलेट मागतं. "मावशी, तव्यात अख्खं बसेल असं द्या, चार माणसं आहेत, चार द्या." मी दोन वर्षांपासून ठेवतच नाही. सांगते त्यांना, हा आपल्या राज्याचा मासा झालाय 2023 सालापासून, पिल्लं नका खाऊ, एक मोठं घ्या आणि तुकड्या करा. काही रागावतात, बाजूच्या पाटावर जातात. पण बऱ्याच बायका ऐकतात. नीट सांगितलं की ऐकतात.

दुसरी गोष्ट माझ्या पोटची आहे. माझं माहेर गोराईचं. जवळा किनाऱ्यावर उतरला की पुढचं सगळं बायकांचं. उन्हात पसरायचा, हाताने उलटायचा, वाळूचा कण राहू द्यायचा नाही, संध्याकाळी गोळा करायचा. माझी आई चटईवर बसून त्यातून खेकड्याची पिल्लं नि काड्या निवडायची, पाठ मोडेपर्यंत. तो सुका जवळा जून-जुलैत विकला जातो, बोटी बंद असताना. घरात तेवढाच पैसा. तुमच्या बैठकीत ठराव मांडणारे सगळे पुरुष असतील. सुकवणाऱ्या बायकांना बोलवलंय का? खोल्याची आस वाढवलीत तर आधी त्यांचा पावसाळा जाणार.

मढचा_डोलकर

मावशी, खरं सांगतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझी आई पण सुकवते. तिला मी विचारलंही नाही. आज विचारतो.

निवृत्त_मत्स्यवाला

मी मत्स्यजीवशास्त्राचा माणूस, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण आकड्यांवरून गैरसमज फार आहेत.

135 मिलिमीटर म्हणजे पापलेट त्या लांबीला अंडी घालतं असं नाही. पहिल्यांदा अंडी घालणारं पापलेट त्याहून चांगलंच मोठं असतं. 135 ही कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा, त्याच्या खालचा मासा धरूच नये एवढाच अर्थ. 2023 मध्ये राज्याने 54 जातींना अशा मर्यादा लावल्या, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून. बोंबलाला 180 मिलिमीटर. केरळने हे काम 2015 पासूनच सुरू केलं होतं.

जवळ्याचा प्रश्न वेगळा. जवळा ही कोळंबीची पिल्लं नव्हेत. ती स्वतंत्र जात आहे आणि पूर्ण वाढल्यावरही दोन-तीन सेंटिमीटरचीच राहते. म्हणून जवळा धरणारा माणूस पिल्लं मारतोय असं म्हणणं अन्यायाचं आहे. अडचण एवढीच की जवळ्यासाठी लागणारी बारीक आस पापलेट, घोळ, बोंबील सगळ्यांची पिल्लं ओढून घेते.

आस वाढवताना एक लक्षात घ्या. नेहमीची आस पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची असते. खोला भरला की ताणाने ती मिटते, मग आस कागदावर कितीही मोठी असली तरी पिल्लू बाहेर पडत नाही. चौकोनी आस भाराखालीही उघडी राहते. म्हणून नुसतं "आस मोठी" असा ठराव करू नका, आस कशी हेही लिहा.

आणि सगळा दोष पिल्लांच्या मासेमारीवर टाकू नये. 2019 मध्ये राज्याचं सागरी उत्पादन 2.01 लाख टनांवर आलं, 45 वर्षांतलं सर्वांत कमी. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं लागोपाठ आली, बोटी दिवसेंदिवस बंदरात उभ्या होत्या.

उत्तनचा_नाखवा

सर म्हणतात ते पटलं. मला फक्त परवान्यांबद्दल बोलायचंय. 2016 मध्ये सरकारने पर्ससीनचे (माशांचा अख्खा थवा घेरून धरणाऱ्या जाळ्यांचे) परवाने 495 वरून 182 पर्यंत खाली आणायचं ठरवलं आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. कागदावर उत्तम. पण रात्री उत्तनच्या टेकडीवरून बघा, बाहेर दिव्यांचा झगमगाट दिसतो. एलईडी दिवे लावून मासे धरायला 2017 पासून बंदी आहे. मग डोलकरानेच पट्टी घेऊन बसायचं का? मी ठरावाच्या विरोधात नाही. पण त्याच कागदावर दुसरी ओळ पाहिजे, की आमच्या पाण्यात गस्तीची बोट रोज फिरली पाहिजे. ती ओळ नसेल तर माझा हात वर जाणार नाही.

मढचा_डोलकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईशी बोललो. ती म्हणाली, पिल्लांचा महिना आणि जवळ्याचा महिना एक असला तरी जागा एक नाही. जवळा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात जास्त, पापलेटची पिल्लं आमच्या बाहेरच्या खुंटांवर. बापूस गप्प बसला होता, मग म्हणाला, "बाहेरचे खुंट मी पूर्वी मेमध्ये लावायचोच नाही. डिझेलची बोट आली, तेव्हापासून लावायला लागलो."

म्हणून रविवारी मी असं मांडणार आहे. बाहेरच्या खुंटांवर 15 मेपासून डोल लावायची नाही. आतल्या पाण्यात जवळ्याची बारीक आस 31 मेपर्यंत चालू द्यावी. बाहेरच्या डोलीला वर्षभर चौकोनी आस. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायला मी तयार आहे, आमच्याकडे नारळ वाहिल्याशिवाय तसंही कोणी मनापासून निघत नाही. गस्तीची ओळ नाखवा म्हणतात तशी घालू. आणि बैठकीला आईला आणि तिच्या बरोबरीच्या सगळ्या बायकांना घेऊन जाणार, मागे उभं राहायला नाही, बोलायला.

एक मदत हवी. बापूस चौकोनी आसेचा खोला करायला बसलाय. जाळं तिरकं कापून फिरवलं तर आस चौकोनी होते हे जमलं, पण कापलेल्या कडेच्या गाठी ओढ लागली की सुटतात. कोणी केलाय का?

दादरची_मावशी

माझ्या दिराने केलाय. तो कडेला आधी जाड दोरी धरतो, मग दोन-दोन आस एकत्र घेऊन दोरीला घट्ट बांधत जातो, दर वीतभर अंतरावर एक पक्की गाठ. शनिवारी पहाटे चारला भाऊच्या धक्क्यावर ये, बापसालाही घेऊन ये. तो खोला घेऊन येईल, हातात धरून बघा.