मदत हवी आहे: कॅट गेलाय की नुसता लीकेज आहे?

मंडळी, माझी २०१५ ची बीएस-४ पेट्रोल गाडी आहे, ९२ हजार किमी झालेत. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईत जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) ट्रॅफिकमध्ये चेक इंजिन लाइट लागली ती काही जाईना, कोड आला पी०४२० (म्हणजे कॅट नीट काम करत नाही), आणि गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) बदला. आकडा ऐकून चहा गार झाला माझा.

मग मी स्वतः ब्लूटूथ स्कॅनर घेतला. पुढचा (कॅटच्या आधीचा) ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्ट वरखाली करतो, म्हणजे त्याचं काम चालू आहे. कॅटच्या मागचा खरं तर ०.६-०.७ ला जवळपास स्थिर हवा ना, पण तो मधूनच पुढच्यासारखा नाचतो, मधूनच शांत. आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम +१३%, म्हणजे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) वाटतंय म्हणून तो पेट्रोल वाढवतोय. अ‍ॅव्हरेज पण १४ वरून ११ वर आलाय.

अजून एक, सकाळी थंड स्टार्टला एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा पाइप) फट फट आवाज येतो, गरम झाली की बंद. मला वाटतं गॅस्केटमधून बाहेरची हवा आत जाऊन सेन्सर फसतोय. बरोबर आहे का हे?

पवई-अंधेरी साइडला स्मोक टेस्ट (धूर सोडून लीकेज शोधायची) नीट करणारं कुणी माहितीय का? आणि प्लीज 'कॅट काढून सरळ पाइप टाक' नको, ते शेजारच्या काकांनी सांगून झालंय.