शाश्वत, टिकाऊ की मुद्दल राखून? व्यापार, दारिद्र्य आणि पर्यावरणाच्या मजकुरात अडणारे शब्द

शब्दार्थी:
विकसनशील देशांच्या अर्थव्यवस्थेवरच्या एका पाठाचा मराठी अनुवाद तपासते आहे. पुढचे वाक्य अडले आहे: "व्यापाराच्या अटी बिघडल्यामुळे या देशांत जंगलतोड वाढली, विकास शाश्वत राहिला नाही आणि गरिबी वाढली." मूळ इंग्रजीत त्यांच्या जागी अनुक्रमे टर्म्स ऑफ ट्रेड (व्यापाराच्या अटी), डिफॉरेस्टेशन (जंगलतोड), सस्टेनेबल (शाश्वत) आणि पॉव्हर्टी गॅप (गरिबी) असे चार शब्द आहेत. अनुवाद वाचायला सरळ आहे, पण चारही ठिकाणी अर्थ थोडा थोडा सरकला आहे असे वाटते. 'शाश्वत' तर सगळीकडे रूढ झाला आहे. तो ठेवावा का?

कोशवाचक:
शाश्वतपासून सुरुवात करू. 'शश्वत्' म्हणजे नेहमी, पुन्हा पुन्हा. त्यावरून शाश्वत म्हणजे नित्य, कधी न संपणारे. आत्मा शाश्वत, सत्य शाश्वत. मूळ इंग्रजी शब्दात मात्र अमरत्वाचा अर्थ नाही. तो लॅटिनमधून आला आहे आणि त्याचा अर्थ खालून धरून ठेवणे, पेलणे असा आहे. त्यामुळे 'शाश्वत विकास' वाचणाऱ्याला कधीही न थांबणारा विकास असा बोध होतो, आणि तो जवळजवळ उलटा आहे.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाची अडचण आहे. 'टिकाऊ' हा शब्द वस्तूला चिकटलेला आहे. अर्थशास्त्रात 'टिकाऊ वस्तू' म्हटले की पंखा, शिलाई मशीन डोळ्यांपुढे येते. प्लास्टिक अत्यंत टिकाऊ असते, पण त्याचा वापर सस्टेनेबल नसतो. या एका उदाहरणावरच तो शब्द अडतो. 'धारणक्षम' मुळाच्या जवळ जातो, पण धारणक्षमता हा शब्द जमिनीच्या पाणी धरून ठेवण्यासाठी आणि कुरणावर किती जनावरे पोसली जातील यासाठी आधीच वापरात आहे. 'सतत विकास' हिंदीत चालतो. मराठीत सतत म्हणजे न थांबता, आणि ते 'सस्टेन्ड'चे भाषांतर होते, 'सस्टेनेबल'चे नव्हे.

हिशेबनीस:
सस्टेन्ड आणि सस्टेनेबल यांतला फरक आकड्यांत दाखवतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

एक जंगल घ्या. उभे लाकूड १०,००० घनमीटर, वार्षिक वाढ ३ टक्के (उदाहरणापुरती, खरी वाढ जातीवर, वयावर, पावसावर ठरते). म्हणजे वर्षाला ३०० घनमीटर नवे लाकूड. तेवढेच तोडले तर साठा १०,०००च राहतो. आता निर्यातीसाठी दरवर्षी ५०० तोडायचे ठरले. पहिल्या वर्षी २०० साठ्यातून गेले. दुसऱ्या वर्षी वाढ ९,८०० वर मोजायची, म्हणजे २९४. साठ्यातून गेले २०६. तूट दरवर्षी फुगत जाते. ३० वर्षे संपताना साठ्यात सुमारे ४८५ घनमीटर उरतात आणि ३१व्या वर्षीच्या तोडीत जंगल संपते.

या ३० वर्षांत निर्यातीचा आकडा एकदाही खाली आलेला नाही. दर वर्षी ५०० घनमीटरची विक्री राष्ट्रीय उत्पन्नात पूर्ण जमा झाली. सातत्य होते, म्हणजे सस्टेन्ड होते. सस्टेनेबल पहिल्या वर्षापासून नव्हते. ३०व्या वर्षाचे हिशेबपत्र पाहणाऱ्याला काहीच कळणार नाही, कारण त्या पत्रात साठ्याचा रकानाच नाही.

मराठीत या गोष्टीला सावकारी हिशेबातला साधा शब्द आहे: मुद्दल. व्याजावर जगणे आणि मुद्दल खाणे. 'मुद्दल राखून केलेला वापर' म्हटले की हिशेब न शिकलेल्या माणसालाही कळते.

कोशवाचक:
आणि संकल्पनेचा उगमही हाच आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीत खाणींच्या प्रशासनातला अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ मध्ये वनसंवर्धनावर ग्रंथ लिहिला. चांदी वितळवायला कोळसा हवा, कोळशाला लाकूड हवे, आणि लाकूड संपत चालले होते. जितके वाढेल तितकेच तोडा हा विचार त्याने मांडला आणि त्यासाठी 'टिकून राहील असा वापर' या अर्थाचा जर्मन शब्द वापरला. शब्दाचा जन्म पर्यावरणप्रेमातून झाला नाही, धंदा बंद पडेल या धास्तीतून झाला. व्यापाराच्या मजकुरात तो अगदी घरचा आहे.

शाश्वत विकासाची १९८७च्या ब्रुंटलँड आयोगाच्या (संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व विकास आयोगाच्या) अहवालातली व्याख्या सगळे देतात: भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास. तिच्या लगेच पुढचे वाक्य मात्र बहुतेक अनुवाद गाळतात. त्यात 'गरजा' म्हणजे विशेषतः जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि त्यांना सर्वांत आधी प्राधान्य, असे स्पष्ट म्हटले आहे. ते गाळले की दारिद्र्य या विषयातून बाहेर पडते. पाठात ही व्याख्या असेल तर दोन्ही वाक्ये घ्या.

शब्दार्थी:
मग सगळीकडे 'शाश्वत' काढून 'मुद्दल राखून' घालू? 'मुद्दल राखून विकास ध्येये' म्हणता येणार नाही.

कोशवाचक:
नाही. संयुक्त राष्ट्रांची २०१५ची १७ ध्येये मराठीत 'शाश्वत विकास ध्येये' या नावानेच ओळखली जातात. विशेषनामाला हात लावू नका. पहिल्यांदा शब्द येईल तिथे एका वाक्यात अर्थ उलगडा, आणि जिथे साठा व वाढ यांचा प्रश्न आहे (जंगल, मासे, भूजल, माती) तिथे मुद्दल-व्याजाची भाषा वापरा.

रानमाप:
भूजलासाठी 'उपसा' हा शब्द आधीच आहे आणि तो सुंदर आहे. उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाला की मुद्दल गेले. खनिजाला मात्र व्याजच नसते. तांबे जमिनीत वाढत नाही. तिथे कितीही कमी काढले तरी मुद्दलच जाते, म्हणून 'वाढेल तितकेच काढा' हा नियम खनिजाला लावता येत नाही.

हिशेबनीस:
बरोबर, आणि तिथे दुसरा अडणारा शब्द येतो: रेंट. अनुवादात 'खाणीचे भाडे' दिसते, ते चूक आहे. मराठी अर्थशास्त्रात यासाठी 'खंड' हा शब्द रुळलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंड सिद्धांत आठवा. एक टन खनिजाला १०० रुपये मिळाले. मजुरी, यंत्रे, वाहतूक आणि भांडवलावरचा नेहमीचा नफा धरून खर्च ६० झाला. उरलेले ४० हा खंड. तो कोणाच्या कष्टाचा नाही, खनिज दुर्मीळ आहे म्हणून मिळतो. इथे 'नफा' लिहू नका, कारण नेहमीचा नफा ६०मध्ये आधीच धरला आहे.

१९७७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन हार्टविक यांनी मांडलेला नियम असा: हे ४० खाऊ नका, सगळे दुसऱ्या भांडवलात घाला. म्हणजे जमिनीतले मुद्दल कमी होईल तसे रस्ते, शाळा, कौशल्ये, ठेवी या रूपात वाढेल. पॅसिफिक महासागरातल्या नाउरू या बेट-देशाने फॉस्फेट विकले. १९६८च्या स्वातंत्र्यानंतर दरडोई उत्पन्न जगातल्या वरच्या देशांत गेले, ठेवीचा निधी गैरव्यवस्थापनात गेला आणि २१ चौरस किलोमीटरच्या बेटाची सुमारे ८० टक्के जमीन खणून ओसाड झाली. उलट आफ्रिकेतल्या बोट्स्वानाने हिऱ्यांचे उत्पन्न गुंतवणुकीकडे वळवायचे धोरण ठेवले आणि १९९४ मध्ये पुला निधी हा दीर्घकालीन ठेवीचा निधी उभा केला. त्याच वर्षी तो देश संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांत कमी विकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. असे बाहेर पडणारा तो पहिला.

खाल्लेले मुद्दल वजा केले तर विकासाचा आकडा किती बदलतो? इंडोनेशियाचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७१ ते १९८४ या काळातली देशांतर्गत उत्पादनाची वार्षिक वाढ ७.१ टक्के दिसत होती. तेल, लाकूड आणि मातीची धूप एवढे तीनच घटक वजा केल्यावर ती ४.० टक्के भरली. या वजावटीला काही जण 'घसारा' म्हणतात. माझे मत: घसारा यंत्राला, 'घट' साठ्याला, 'ऱ्हास' दर्जाला. तिन्हींना एकच शब्द लावला की जंगल कमी झाले की विरळ झाले हे कळत नाही.

रानमाप:
हाच फरक 'जंगलतोड' या शब्दात बुडतो. तोड म्हणजे झाड पाडणे. पण निर्वनीकरण म्हणजे वनजमिनीचा वापर कायमचा बदलणे. तोडलेल्या जागी पुन्हा वन उगवू दिले तर तोड झाली, निर्वनीकरण झाले नाही. उलट एका हंगामात जाळून तिथे निर्यातीचे पीक घेतले, तर फारसे लाकूड न विकताही निर्वनीकरण झाले. अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत वन म्हणजे किमान ०.५ हेक्टर जागा, ५ मीटरपेक्षा उंच वाढणारी झाडे आणि १० टक्क्यांहून जास्त छत्र (झाडांच्या माथ्यांनी झाकलेली जागा). आता ८० टक्के छत्र असलेले घनदाट वन विरळ होत १५ टक्क्यांवर आले, तर कागदावर ते अजून वनच आहे. म्हणून 'वनऱ्हास' हा शब्द वेगळा हवा.

व्यापारात या फरकाला आता कायदेशीर वजन आले आहे. युरोपीय संघाच्या २०२३च्या नियमानुसार गुरे, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड हा माल ३१ डिसेंबर २०२० नंतर निर्वनीकरण झालेल्या जमिनीवरचा नसावा. लाकडाला वनऱ्हासाची अटही लागते. अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली गेली, पण कागदपत्रांची रीत ठरलेली आहे: पिकाचा तुकडा ४ हेक्टरपेक्षा मोठा असेल तर सीमेवरच्या सर्व कोनांचे अक्षांश-रेखांश, लहान असेल तर एक बिंदू चालतो, दशांशानंतर किमान सहा अंक.

चुका नेमक्या इथे होतात. तीनच दशांश दिले तर जागा शंभरेक मीटर सरकू शकते, आणि लहान शेताचा बिंदू शेजारच्या वनात पडतो. अक्षांश आणि रेखांश अदलाबदल झाले तर शेत भलत्याच देशात किंवा समुद्रात दिसते. मोठ्या मळ्याकडे मोजणीदार असतो. दोन एकरवाल्याकडे नसतो. झाड न पाडलेला गरीब शेतकरी अशा वेळी केवळ नकाशा नसल्याने खरेदीदाराच्या यादीतून गळतो. पाठात 'पर्यावरणीय अटी गरिबांना फायद्याच्या असतात' असे सरसकट वाक्य असेल तर तिथे हे लिहायलाच हवे.

शब्दार्थी:
आणि 'व्यापाराच्या अटी'?

हिशेबनीस:
ते भाषांतर मुदलातच चुकले आहे. अटी म्हटले की करार आठवतो. पाठ्यपुस्तकांत 'व्यापारशर्ती' असते; तेही तितकेच फसवे, पण रूढ आहे. अर्थ एवढाच: निर्यातमालाच्या भावांचा निर्देशांक भागिले आयातमालाच्या भावांचा निर्देशांक, गुणिले १००. व्यापारतोल, व्यवहारतोल आणि विनिमय दर या तिन्ही गोष्टी वेगळ्या. अनुवादात त्या सर्रास एकमेकांच्या जागी पडतात.

या गुणोत्तराचा पर्यावरणाशी संबंध कसा, हे मोजून पाहा. व्यापारशर्ती १०० वरून ८० वर आल्या. तेवढेच औषध, इंधन, यंत्र आयात करायला निर्यात किती वाढवावी लागेल? बहुतेक जण २० टक्के म्हणतात. उत्तर २५ टक्के, कारण १०० भागिले ८० म्हणजे १.२५. वरच्या जंगलात ३०० ऐवजी ३७५ घनमीटर तोडावे लागेल, ७५ मुद्दलातून. आणि एकाच मालावर जगणारे दहा देश एकदम पुरवठा वाढवू लागले की भाव आणखी पडतो आणि पुढच्या वर्षी ३७५ही पुरत नाही. कच्च्या मालाच्या व्यापारशर्ती दीर्घकाळात घसरतात हे मत राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५०च्या सुमारास मांडले. त्यावर वाद आहे, पण वरच्या भागाकारावर वाद होऊ शकत नाही.

कोशवाचक:
आता गरिबी. 'गरीब' हा अरबी शब्द, मूळ अर्थ परका, परदेशी. 'दरिद्र' संस्कृतमधल्या धावणे, भटकणे या अर्थाच्या धातूवरून. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ठाव नसलेला माणूस आहे. बोलताना गरिबी, मोजताना दारिद्र्य असा भेद ठेवा: दारिद्र्यरेषा, बहुआयामी दारिद्र्य. लिहिताना 'दारिद्र रेषा' करू नका.

जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा २०१५ मध्ये रोजी १.९० डॉलर, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ पासून ३ डॉलर झाली. हे डॉलर क्रयशक्ती समतेचे (तेवढ्याच वस्तू प्रत्येक देशात कितीला मिळतात यावरून ठरवलेले) आहेत, बाजारातल्या विनिमय दराचे नव्हेत. त्यांना चालू दराने स्थानिक चलनात बदलणे ही सर्वांत सरसकट होणारी चूक.

हिशेबनीस:
पॉव्हर्टी गॅपला 'गरिबी' म्हणून चालणारच नाही. दारिद्र्यरेषा १०० धरा, लोक १०, त्यांतल्या तिघांचे उत्पन्न रेषेखाली: ९०, ८० आणि ४०. दरिद्री लोकांचे प्रमाण ३० टक्के. तुटी १०, २०, ६०, बेरीज ९०. ती १० × १०० ने भागली की ९ टक्के, ही दारिद्र्यदरी. आता निर्यात वाढली, ९०वाल्याला मजुरी मिळून तो १०१ वर गेला. पण ज्या वनातून ४०वाला सरपण आणि कंद आणत होता ते गेले आणि तो ३० वर आला. प्रमाण ३० वरून २० टक्के झाले. दरी? २० अधिक ७०, पुन्हा ९ टक्के. बातमीत 'गरिबी एक तृतीयांशाने घटली' असे छापून येईल, आणि सर्वांत खालचा माणूस आणखी खाली गेलेला असेल. सर्वेक्षणात फुकट गोळा केलेल्या वस्तूंची किंमत धरली नसेल तर त्याची घसरण आकड्यात दिसणारही नाही.

शब्दार्थी:
सगळे धरून वाक्य असे केले आहे: "निर्यातमालाचे भाव आयातमालाच्या तुलनेत पडले, म्हणजे व्यापारशर्ती प्रतिकूल झाल्या. तेवढीच आयात भागवायला या देशांना जास्त लाकूड विकावे लागले. तोड वार्षिक वाढीच्या पलीकडे जाऊन वनाचे मुद्दल संपत गेले, निर्वनीकरण झाले आणि दारिद्र्यदरी रुंदावली."

रानमाप:
'निर्वनीकरण झाले' हे तोडीच्या मागोमाग आपोआप येत नाही. मूळ मजकुरात तोडलेल्या जागी पीक किंवा कुरण आल्याचा उल्लेख आहे का ते पाहा. असेल तर "तोडलेल्या जागी निर्यातीची पिके येऊन निर्वनीकरण झाले" असे लिहा. नसेल तर तिथे 'वनऱ्हास'.