शीत आघाडी येतेय, पण कुठल्या पक्षांची?

शिकागोकर:
आमच्या मंडळाची कोजागिरी या शनिवारी संध्याकाळी बागेत आहे. हवामानाचा अंदाज मराठीत करून ग्रुपवर टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दुपारपर्यंत ऊन, 68 फॅरेनहाइट. चारच्या सुमारास कोल्ड फ्रंट, एखादी सर, मग वायव्येचा वारा. रविवारी पहाटे 36, मोकळ्या जागी फ्रॉस्ट. मी लिहिलं, ‘शनिवारी दुपारी शीत आघाडी दाखल होईल.’ मुलाकडे आलेल्या एका काकांनी लगेच विचारलं, ‘कुठल्या पक्षांची?’ मग नुसते हसरे चेहरे, आणि स्वेटर आणा हे सांगायचं राहूनच गेलं. दुसरा शब्द आहे का?

भूगोलवेडा:
शब्द बरोबरच आहे, बदलू नका. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये विल्हेल्म बियर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. युरोपात तेव्हा सगळीकडे रणआघाड्यांचीच भाषा, तीच त्यांनी हवेला लावली. थंड आणि उबदार हवा चटकन मिसळत नाहीत, समोरासमोर ठाकतात. थंड हवा जड, ती पाचरीसारखी खालून घुसते. उबदार हवा वर ढकलली जाते, ढग होतात, तुमची ती सर पडते. पुढाऱ्यांनी शब्द पळवला म्हणून आपण तो सोडून द्यायचा?

रमाकाकू_पुणे:
अहो पण अंदाज वाचणाऱ्याला बर्गेन कशाला हवंय? ‘चारनंतर थंड वारं सुटेल, गारठा वाढेल.’ झालं. आघाडी, सीमापृष्ठ वगैरे पेपर लिहिणाऱ्यांसाठी.

भूगोलवेडा:
काकू, वारं कधीही सुटतं. फ्रंट गेल्यावर वाऱ्याची दिशाच बदलते, नैर्ऋत्येचा वायव्येचा होतो, हवेचा दाब चढतो. ‘थंड वारं’ म्हटलं की यातलं काहीच उरत नाही.

शुद्धलेखनप्रेमी:
हिंदीत ‘वाताग्र’ आहे. सुटसुटीत, संस्कृत, आणि त्याला पक्षही नाही.

वेंगुर्लेकरीण:
वाताग्र! माझ्या सासऱ्यांना वाटेल सांधेदुखीचं औषध आहे.

प्रवासी_पक्षी:
‘थंडीची लाट’ का नको? पेपरात रोज असतं.

भूगोलवेडा:
कारण लाटेला निकष आहे. हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली हवं आणि सरासरीपेक्षा निदान 4.5 अंशांनी उतरलेलं हवं. ऑक्टोबरअखेर शिकागोत पहाटे 36 म्हणजे साधारण 2 सेल्सियस. तिकडे त्यात नवल काही नाही. चॅनेलवाले तर हल्ली ‘शीतलहर’ म्हणतात, ते वेगळंच दुखणं.

निफाडचा:
2 अंशाला नवल नाही म्हणणारे लोक बघून घ्यावेत एकदा. आमच्याकडे पारा 5-6 वर आला की द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटतात. मण्यांची फुगवण थांबते, तयार माल तडकतो. आम्ही म्हणतो ‘उत्तरेचं वारं लागलं’. आघाडी म्हणा नाहीतर युती, ती तिथूनच येते. आणि काकू, गारठा हा शब्द जपून वापरा. दिवाळीत असतो तो गारवा. गारठा म्हणजे बोटं वळत नाहीत तो. त्याच्या पुढं कडाका.

रमाकाकू_पुणे:
आमच्या घरी पंखा एकवर आणला की गारठा म्हणतात. शब्द काय थर्मामीटरला बांधून येतात का?

वेंगुर्लेकरीण:
आमच्याकडे ‘हिंव लागता’. त्यात कडाका वगैरे नाहीच. पहाटे मतलई सुटते, जमिनीवरून समुद्राकडे जाणारी, तेवढीच काय ती थंडी. पण ती पडली तर आंब्याला मोहोर, म्हणून सगळे तिची वाट बघत असतात.

प्रवासी_पक्षी:
हिंव म्हणजे ताप भरून येणारी थंडी ना? हिवताप त्यावरूनच.

वेंगुर्लेकरीण:
दोन्ही. हिवाळाही त्यावरूनच, मग वर्षाचे चार महिने सगळ्यांना मलेरिया म्हणायचा का?

शुद्धलेखनप्रेमी:
‘काकडणे’ विसरलात सगळे. कार्तिकात पहाटे काकडत करायची म्हणून काकड आरती.

रमाकाकू_पुणे:
काहीतरीच! काकडा म्हणजे कापड पिळून केलेली जाड वात. ती पेटवून ओवाळतात, म्हणून काकड आरती. थंडीचा काय संबंध?

शुद्धलेखनप्रेमी:
मग काकडणे कुठून आलं? माझा अंदाज, माणूस थंडीत त्या वातीसारखा आवळला जातो.

भूगोलवेडा:
अंदाज म्हणताय हे बरं केलंत.

शिकागोकर:
मंडळी, वीकेंडला काय लिहू तेवढं सांगा. ‘सप्ताहांत’ लिहिलं तर काका परत हसणार. आणि फ्रॉस्टचं काय?

रमाकाकू_पुणे:
शनिवार-रविवार. आपल्याला वारांची नावं आहेत की.

भूगोलवेडा:
फ्रॉस्ट म्हणजे दहिवर. शाळेत शिकलो: दव वेगळं, दहिवर वेगळं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ गवतावर पांढरं दिसतं, पेपरवाले त्याला ‘हिमकण’ म्हणतात, ते खरं तर दहिवर.

निफाडचा:
पुस्तकात असेल. आमची आजी सकाळी गवतावरून चालून आली की ‘पाय दहिवरानं भिजले’ म्हणायची. गोठलेल्यानं पाय भिजतात का? दहिवर म्हणजे दवच.

वेंगुर्लेकरीण:
कवितेत तर दहिवर सगळीकडे ओलंच असतं.

भूगोलवेडा:
कवितेवर शेती होत नाही. दवाने पान भिजतं, दहिवराने पानातलं पाणी गोठून पान करपतं. दोन वेगळ्या गोष्टींना दोन शब्द आहेत, ते एक करून टाकायचे?

निफाडचा:
शेतीचं मला नका सांगू. करपलं की आम्ही ‘थंडीनं जळालं’ म्हणतो, आणि गावात सगळ्यांना कळतं.

शिकागोकर:
तूर्त एवढंच टाकलं: ‘शनिवारी चारनंतर एकदम गारठा. दूध गरम मिळेल, टोप्या आणा. कुंड्या रात्री आत घ्या.’ काकांनी अंगठा दिलाय.

शुद्धलेखनप्रेमी:
‘एकदम’ फारसी आहे.

रमाकाकू_पुणे:
‘शाळेत शिकलो’वरून आठवलं, भूगोलवेडा, तुमच्या पुस्तकात धुई होतं का? आमच्या नगरकडच्या मावशी धुक्याला धुईच म्हणतात.

निफाडचा:
धुई आणि धुकं एक नाही हो काकू.