मदत हवी आहे: मिनेसोटात डेक बांधतोय, खर्च कुठे वाचवावा?

नमस्कार मंडळी. आम्ही मिनीॲपोलिसजवळ राहतो. घरामागे 12 बाय 16 फुटांचा डेक, म्हणजे बाहेर बसायला लाकडी ओटा, बांधायचाय. जूनमध्ये आई-बाबा येणार आहेत, त्यांना सकाळचा चहा बाहेर बसून घेता यावा अशी फार इच्छा आहे. हाताशी 20 हजार डॉलर आहेत.

दोन कोटेशनं आली. ट्रीटेड पाइनचं (कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेलं लाकूड) 16 हजार, कॉम्पोझिटचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या) 27 हजार. पाइनला दर दोन-तीन वर्षांनी स्टेन (लाकडाचा संरक्षक रंग) मारावं लागेल, हे धरलंय.

पायाच्या कामात काटकसर करायची नाही, एवढं नक्की. इकडे पाये किमान 42 इंच खोल घ्यावे लागतात, कारण कमी खोल असले तर गोठलेली माती फुगून त्यांना वर उचलते. आमच्या शेजाऱ्यांच्या डेकचा एक कोपरा असाच वर आलाय, जिना भिंतीपासून सुटलाय. बघून पोटात गोळा येतो.

म्हणून विचार असा: पाया आणि सांगाडा आत्ताच भक्कम करायचा, खालच्या आडव्या तुळया एकमेकींपासून 16 इंचांवर ठेवायच्या, वर सध्या पाइनच्या फळ्या. पाच-सात वर्षांनी फक्त फळ्या बदलून कॉम्पोझिट. कुणी असं केलंय का? नंतर पस्तावलात का?

शिवाय, काँक्रीटच्या पायांऐवजी जमिनीत पिळून घालायचे लोखंडी खांब कुणी वापरलेत? आणि हिवाळ्यातच काम ठरवून टाकलं तर भाव कमी लागतो का?

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या बुटक्या हव्यात. त्याचा खर्च किती वाढला, तेही सांगा.