मदत हवी आहे: रस्त्यात उभ्या पोलीस गाडीला रात्री दिवे लावणं सक्तीचं आहे का?

पाऊसवाट
तातडीने माहिती हवी आहे. गस्तीच्या गाडीला रात्री दिवा लावायलाच हवा, असं कायद्यात कुठे लिहिलंय? नेमका नियम क्रमांक हवा. उद्या सकाळी वकिलांकडे जायचंय आणि शोधलं की नुसत्या लाल दिव्याच्या बातम्या येतात.

मोरपंखी
कुठला दिवा, टपावरचा की मागचा? गाडी उभी होती की चालू? काय घडलंय ते लिहा, त्याशिवाय कसं सांगणार?

नाना_निवृत्त
१० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभय सिंग खटल्यात लाल दिवा फक्त उच्च घटनात्मक पदांपुरता ठेवला. पोलिसांना निळा, पांढरा किंवा बहुरंगी. मग १ मे २०१७ पासून मंत्र्यांचेही दिवे उतरले. त्याआधी लाल दिव्याच्या गाडीसाठी जिल्हा परिषदेत काय रस्सीखेच चालायची!

पाऊसवाट
नाना, मला लाल दिव्याचं काही नको आहे. माझा धाकटा भाऊ दवाखान्यात आहे. मांडीचं हाड मोडलंय, रॉड घातलाय. रात्री सव्वाअकराला घाट उतरताना वळणावर गस्तीची गाडी निम्मी डांबरावर उभी होती. एकही दिवा चालू नव्हता. हा मागून जाऊन धडकला आणि गुन्हा त्याच्यावरच, बेदरकारपणे गाडी चालवल्याचा, भारतीय न्याय संहितेचं कलम २८१.

मोरपंखी
हे आधी सांगायचं ना! हेल्मेट, लायसन्स? बाईकचा हेडलाइट चालू होता?

पाऊसवाट
हेल्मेट होतं, लायसन्स आहे. बाईक २०१९ ची, त्यात हेडलाइट बंद करायचं बटणच नाही.

कोर्टाची_पायरी
मी वाहन अपघाताचे दावे चालवते. तुम्ही टपावरच्या दिव्यामागे लागलात, तिथे फारसं हाती लागणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०८ वा नियम पोलिसांना तो दिवा वापरायची मुभा देतो, सक्ती करत नाही. तुमच्या कामाचा नियम १०९: पुढचे-मागचे पार्किंग लाइट गाडी रस्त्यावर उभी असतानाही चालू हवेत. त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ जोडा, धोका होईल अशा रीतीने गाडी उभी करू नये.

घाटवळण
मी वीस वर्षं टेम्पो चालवतोय. माझं ऐका, मिटवून टाका. पोलिसांशी वैर घेऊन कोणाचं भलं झालंय? आणि खरं सांगू, त्यांचे निळे-लाल दिवे चालू असले तर डोळे दिपून पुढचं दिसतच नाही. तेही धोक्याचंच.

मोरपंखी
पोरगा महिनोन्महिने अंथरुणात आणि वर गुन्हाही त्याच्यावर, यात मिटवायचं काय? डोळे दिपतात म्हणून काळोखात गाडी उभी करायची का?

सान_होजेकर
आमच्या कॅलिफोर्नियात आपत्कालीन गाडीला पुढे न लुकलुकणारा लाल दिवा सक्तीचा आहे, हजार फुटांवरून दिसेल असा. आपल्याकडे असं का होत नाही?

घाटवळण
तो पुढचा दिवा झाला. ह्यांचा भाऊ मागून धडकलाय.

नाना_निवृत्त
माहितीच्या अधिकारात गाडीचं लॉगबुक मागा. तीस दिवसांत द्यावंच लागतं.

कोर्टाची_पायरी
नाना, तपास चालू आहे म्हणून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ज) दाखवतील आणि महिना फुकट जाईल. अर्ज जरूर करा, पण त्यावर विसंबू नका. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा दाखल करून तिथून लॉगबुक मागवता येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. सरकारी गाडीला विमा सक्तीचा नसतो, त्यामुळे राज्य शासनाला प्रतिवादी करायचं. ते सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे चूक भावाचीही होती, असं म्हणतील, भरपाईतला काही हिस्सा कापला जाऊ शकतो. तरी दावा सोडू नका. पंचनाम्यात दिव्यांबद्दल काय लिहिलंय?

पाऊसवाट
आत्ता काढून वाचला. 'वाहन रस्त्याच्या कडेला उभे' एवढंच आहे, दिव्याचा शब्द नाही. कडेला नव्हतं! भाऊ शुद्धीवर होता, त्याने सांगितलंय. वळणाखालच्या चहाच्या टपरीवाल्याने उचलून बाजूला घेतलं, त्यानेही अंधार होता म्हटलंय. त्याचा जबाब घेतलेला नाही.

कोर्टाची_पायरी
मग वकिलांच्या आधी त्याच्याकडे जा. किती तारीख झाली? आसपास कॅमेरा आहे का?

पाऊसवाट
आज नववा दिवस. वळणाच्या वर पेट्रोल पंप आहे, त्याचा कॅमेरा रस्त्याकडे आहे की नाही माहीत नाही.

मोरपंखी
कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

सान_होजेकर
पंपवाले देतात का असं?

पाऊसवाट
गाडी काढतोय. टपरी पहाटे पाचला उघडते, आधी पंप, मग टपरी. ताई, पार्किंग लाइटचा तो नियम १०९च ना?

कोर्टाची_पायरी
हो, १०९. जपून जा, ते वळण अजून तसंच आहे.