सहविश्वासू, सहविश्वासी की ‘घरचे’? (शब्दचर्चा)

प्रश्नकर्ती (बेळगाव): आई गेल्या महिन्यात गेली. पुढच्या रविवारी घरी आभाराची प्रार्थना ठेवली आहे. आलेल्यांच्या हातात द्यायला छोटं कार्ड छापायचं आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड बाजू वहिनीने पाच मिनिटांत लिहून दिली. मराठी बाजूवर आमचं चार दिवस अडलंय.

काकांचा मसुदा असा: ‘दुःखाच्या प्रसंगी धावून आलेल्या सर्व सहविश्वासूंचे हार्दिक आभार.’ भावाचं म्हणणं, ‘सहविश्वासू’ चूक, ‘सहविश्वासी’ हवं. मला दोन्ही खटकतात, आणि ‘हार्दिक आभार’ तर पतसंस्थेच्या वार्षिक सभेतलं वाटतं. नऊ दिवस आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी आमच्या घरी चूल पेटू दिली नाही, आळीपाळीने कडू घास आणला. मातीच्या दिवशी पाऊस इतका, की खणलेला खड्डा भरून गेला. मंडळीतली दोन तरुण पोरं आत उतरून बादल्यांनी पाणी उपसत होती. हे ‘हार्दिक आभार’मध्ये कसं बसवू?

नेमका प्रश्न: बरोबरीने विश्वास ठेवणाऱ्या माणसांसाठी मराठीत खरा शब्द कोणता, आणि त्यांच्याबद्दलची कृतज्ञता सांगायला कोणता?

निपाणीकर: आधी व्याकरण उरकू. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकता येतो तो. तहसीलदाराला अर्ज लिहिताना आपण खाली ‘आपला विश्वासू’ लिहितो, तो हाच. बायबलातला ‘भल्या व विश्वासू दासा’ हाही हाच. धन्याने दिलेले पैसे त्याने बुडवले नाहीत म्हणून विश्वासू. विश्वासी म्हणजे जो विश्वास ठेवतो तो. तेव्हा काका चुकले, भाऊ बरोबर.

पण भाऊही पुढे अडकतो. विद्यार्थीचं विद्यार्थ्यांचे होतं, त्या चालीने विश्वासीचं विश्वास्यांचे व्हायला हवं. ते कोणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून सगळे ‘विश्वासींचे’ लिहितात. जुन्या लोकांनी ही कटकट ओळखून ‘विश्वास ठेवणारे’ किंवा ‘विश्वासणारे’ असंच ठेवलं होतं. लांब आहे, पण कुठल्याही विभक्तीत मोडत नाही.

शहापूरकर: सरळ ‘मंडळी’ लिहा की! ‘मंडळीचे आभार’. एवढा खल कशाला?

प्रश्नकर्ती: लिहिलं असतं. पण बाबांच्या नोकरीतले मित्रही येणार आहेत, ते आमच्यातले नाहीत. बाबा एकदा कचेरीत म्हणाले होते, ‘रविवारी सकाळी मला मंडळीला भेटायला जायचं असतं.’ साहेबांना वाटलं, बायको माहेरी राहते. सहा महिने बिचारे सहानुभूतीने वागत होते.

निपाणीकर: हा घोटाळा जुनाच. नाटक मंडळी, भजनी मंडळी, ‘आमची मंडळी’ म्हणजे सौभाग्यवती, आणि ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे चर्च; इमारत नव्हे, माणसं. बायबलाच्या मूळ ग्रीकमध्ये एक्लेसिया, म्हणजे बोलावून जमवलेली सभा. कन्नडवाल्यांनी सरळ ‘सभे’ घेतलं. शब्द म्हणून मला मंडळी जास्त आवडतो, सभेत खुर्च्या दिसतात, मंडळीत माणसं दिसतात. पण शहापूरकर, ‘मंडळीचे आभार’ म्हटलं की आभार एका संस्थेचे झाले. बादली कोणाच्या हातात होती ते त्यात बुडतं.

खानापूरकर: आम्ही कॅथलिक, घरात कोंकणी. आमच्याकडे चर्चला इगर्ज म्हणतात. तो पोर्तुगीज शब्दही त्याच एक्लेसियापासून निघालेला, म्हणजे तुमची मंडळी आणि आमची इगर्ज मावसबहिणीच. बेळगावचा धर्मप्रांत 1953 साली गोव्यातून वेगळा झाला, पण खानापुरात बोलण्यातला गोवा काही वेगळा झालेला नाही.

मुद्द्याचं सांगतो. आमच्यात कोणी मदत केली की म्हणतात, ‘देव बरें करूं’. देव तुमचं बरं करो. रोजच्या वापरात हेच आमचं थँक्यू. बघा, यात मी तुमचा ऋणी आहे असं कुठेच नाही. फेडायचं काम देवाकडे सोपवून माणूस मोकळा. शेजारणीने पेज आणून दिली तर ‘आभारी आहे’ म्हटलेलं माझ्या आज्जीला शिवीसारखं लागायचं. ती म्हणायची, मी काय परकी?

पुण्यात राहणारा बेळगावचा: आज्जीशी सहमत. ‘आभार’मध्येच ‘भार’ आहे.

निपाणीकर: ही कोटी मी प्रत्येक आभारप्रदर्शनात ऐकत आलोय, लग्नापासून निरोपसमारंभापर्यंत. कृपया पुढे चला.

पुण्यात राहणारा बेळगावचा: बरं सर. मग माझी खरी तक्रार ‘उपकारस्तुती’वर आहे. पाळक प्रत्येक प्रार्थनेत म्हणतात, ‘उपकारस्तुती करू या’. मित्रांसमोर हा शब्द उच्चारायची मला लाज वाटते. आजच्या मराठीत उपकार म्हणजे टोमणा. ‘केलास मोठा उपकार!’, ‘कोणाचे उपकार नकोत’. कार्डावर उपकार लिहिलंत तर आलेली माणसं ओशाळतील.

प्रश्नकर्ती: माझ्या मनात नेमकं हेच होतं. आई मात्र हा शब्द सहज वापरायची. सुगीला शेंगांचं पोतं घरात आलं की, ‘देवाचे उपकार’.

निपाणीकर: तुमच्या आईचं वाक्य नीट ऐका. उपकार कोणाचे? देवाचे. माणूस माणसाला उपकार ऐकवतो तेव्हा टोमणा होतो, कारण दोघेही एकाच पातळीवरचे असतात आणि एकजण उगाच वर चढून बसतो. देवाच्या बाबतीत ती पायरी आधीच वर आहे, तिथे कोणी ओशाळत नाही. बायबलातल्या स्तोत्रांत ‘परमेश्वराचे उपकारस्मरण करा’ असं पुन्हापुन्हा येतं. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’. उपकारस्मरण आणि उपकारस्तुती हे दोन शब्द चर्चच्या मराठीने जपले, बाहेरच्या मराठीने सोडून दिले. त्यांची लाज वाटायचं कारण नाही. वारकऱ्यांची ‘माउली’ शहरात उच्चारायला कोणी लाजतं का?

बैलहोंगलची सून: मी कन्नड घरातून मराठी घरात आले, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या कन्नड बायबलात याच ओळीत ‘कृतज्ञतास्तुति’ आहे. अर्थ नीटनेटका, पण तोंड भरून येतं. बोलताना मात्र माझी आई उपकारच म्हणते, ‘निम्म उपकार मरियूदिल्ला’, तुमचे उपकार विसरणार नाही. त्यात टोमणा नसतो. इथल्या सासूबाईंना मी पहिल्यांदा मराठीत ‘तुमचे उपकार विसरणार नाही’ म्हटलं, तेव्हा त्यांना वाटलं मी रागावले आहे!

विश्वास शब्दाचंही असंच. कन्नडमध्ये देवावरच्या विश्वासाला आमच्या बायबलात ‘नंबिके’ म्हणतात. ‘विश्वास’ म्हटलं की आम्हाला माया, आपुलकी आठवते; ‘प्रीति-विश्वास’ हा तर जोडशब्दच आहे. त्यामुळे मराठी प्रार्थनेत ‘विश्वासी’ ऐकलं की माझ्या कानाला ते ‘मायेची माणसं’ असं ऐकू यायचं. बरीच वर्षं मी तसंच समजत होते. आता अर्थ कळलाय, पण चुकीचा अर्थ सोडवत नाही.

खानापूरकर: सोडूच नका हो, अक्का. सीमेवर राहायचा एवढाच तर फायदा.

बैलहोंगलची सून: आणखी एक. मराठी बायबलात मला सगळ्यात आवडलेला शब्द यातला कुठलाच नाही. गलतीकरांस पत्र, सहावा अध्याय, दहावी ओवी. सगळ्यांचं बरं करावं, आणि विशेषतः ‘विश्वासाने एका घराण्यात आलेल्यांचे’. घराण्यात *आलेले*! जन्मलेले नव्हे. सून ज्या वाटेने येते त्या वाटेने. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, भाषा कळत नसताना, हे वाचून मी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रडले होते.

प्रश्नकर्ती: अक्का, हे मी शंभर वेळा वाचलं असेल. ‘आलेले’ आज पहिल्यांदा दिसलं.

खानापूरकर: आणि त्याच ओवीत ‘बरे करावे’ आहे. म्हणजे आमचं ‘देव बरें करूं’!

निपाणीकर: ग्रीकमध्ये तिथे ‘विश्वासाच्या घरचे’ एवढंच आहे. ‘घराण्यात आलेले’ ही मराठी भाषांतरकाराची करामत. इफिसकरांस पत्रात ‘देवाच्या घरचे’ असं साधं केलंय, इथे ‘आलेले’ घातलं. मूळ मजकुराला चिकटून राहणारे याला मोकळीक घेणं म्हणतील. मी म्हणेन, मराठीत घराणं म्हटलं की कूळ, आडनाव, गोत सगळं डोळ्यांसमोर येतं, तिथे ‘आलेले’ म्हणणं भागच होतं. नाहीतर ‘विश्वासाच्या घराण्यातले’ हे वतनदारांसारखं वाटलं असतं.

या भागात ‘आलेले’ तर अक्षरशः खरं आहे. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 साली सुरू झालं, पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्ट पंथाकडे गेलं. या दोनशे वर्षांत मराठी घरातले आले, कन्नड घरातले आले, वेगवेगळ्या जातींतले आले. 1956 साली जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, शाळेच्या भाषा बदलल्या, पाट्या बदलल्या. रविवारी मात्र एकाच बाकावर एकाच्या हातात मराठी बायबल आणि शेजारच्याच्या हातात कन्नड. कोणाचं कूळ एक नाही. घराणं एक.

शहापूरकर: सर, हे सगळं कार्डावर मावणार नाही. बाई विचारताहेत काय छापायचं.

निपाणीकर: येतोय तिकडेच. बायबलातली प्रेषित पौलाची पत्रं उघडून वाक्यरचना बघा. फिलिप्पैकरांना तो काय लिहितो? तुमची आठवण झाली की मी माझ्या देवाचे आभार मानतो. ‘तुमचे आभार’ नाही, ‘तुमच्याबद्दल देवाचे आभार’. रोमकरांना, थेस्सलनीकाकरांना, फिलेमोनाला, सगळीकडे हीच तऱ्हा. षष्ठी देवाला, ‘बद्दल’ माणसांना. खानापूरकरांच्या आज्जीला हे पटलं असतं. ‘तुमचे आभार’ म्हणालो की तुम्ही परके झालात, हिशेब झाला. ‘तुमच्याबद्दल देवाची उपकारस्तुती’ म्हणालो की तुम्ही घरचेच राहता आणि मी कृतघ्नही ठरत नाही. घरच्यांना धन्यवाद म्हणायची मराठी माणसाची पंचाईत या एका वळणाने सुटते.

म्हणून माझी ओळ: ‘विश्वासाने एका घराण्यात आलेल्या आपणा सर्वांबद्दल देवाची उपकारस्तुती करतो.’

पुण्यात राहणारा बेळगावचा: ओळ सुंदर आहे, उपकारही इथे खटकत नाही, मान्य. पण सर, एक शंका. हे जरा सोयीचं नाही का? ज्याने पाणी उपसलं त्याला आभार देवामार्फत पोचणार? माझा भाऊ असता तर म्हणाला असता, मला थेट सांग की.

निपाणीकर: दोन दिवस या प्रश्नावर होतो. तुमचं खरं आहे, आणि पौलालाही ते ठाऊक होतं. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी, आपण वाचताना उडी मारून जातो. त्यात प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपं आहे, तंबू शिवणारं. त्यांनी पौलाच्या जिवासाठी स्वतःची मान धोक्यात घातली. तिथे तो देवाला मध्ये घेत नाही. सरळ लिहितो की यांचे आभार मीच नव्हे, परराष्ट्रीयांच्या सगळ्या मंडळ्याही मानतात. क्रियापद तेच, जे तो एरवी देवासाठी राखून ठेवतो. आणि माणसं नावानिशी.

म्हणजे ‘बद्दल’ची ओळ सगळ्यांसाठी. खड्ड्यात उतरलेल्यांसाठी वेगळी ओळ, नावं घालून.

बैलहोंगलची सून: आणि कडू घास आणणाऱ्या बायका?

निपाणीकर: चुकलो. त्याही.

प्रश्नकर्ती: कार्ड छापून झालं, प्रार्थनाही झाली. काय छापलं ते सांगते, सगळ्यांनी इतका वेळ दिलात म्हणून.

वरती सरांची ओळ, एका बदलाने: ‘आपणा सर्वांबद्दल’ऐवजी ‘तुम्हा सर्वांबद्दल’. आई मंडळीत कोणालाच आपण म्हणायची नाही. खाली नऊ दिवसांची नावं, वारांप्रमाणे: सोमवारी कोणी, मंगळवारी कोणी. प्रेसवाला विचारत होता, ही डब्यांची यादी का छापताय? शेवटी त्या दोन पोरांची नावं, आणि पुढे फक्त ‘यांचे आभार’. हार्दिक काढून टाकलं. कन्नड बाजूला वहिनीने आधीचं सगळं खोडून ‘निम्म उपकार मरियूदिल्ला’ लिहिलं, बोलीत आहे तसंच. काका म्हणाले, छापील कार्डावर असं चालत नाही. चाललं.

कार्ड हातात देताना त्यातल्या एका पोराला मी म्हटलं, बघ, तुझं नाव आहे. त्याने वाचलं, लाजला, घडी करून खिशात घातलं.

“आभार कशाला ओ अक्का,” म्हणाला, “पाणी भरलंतं, उपसलं.”

मग पातेली उचलायला आत गेला.